दुसरा पाहुणा

सुनेने बॉनेट वर उचललं, आधाराची दांडी खोबणीत बसवली आणि दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या. समोर आजोबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. गाडीची चावी त्यांच्या तर्जनीत अडकवलेली होती आणि ती ते गरगर फिरवत होते.

"एकच आहे ना बाबा?" तिने विचारलं.

"एकच. डेपोत कधी दोन नसायचे. पाहुणा शोधायचा, त्याला बाहेरची वाट दाखवायची, मग चावीला हात लावायचा."

"आणि नाही सापडला तर?"

"तर उद्या घाटात गाडी मी घेणार."

जिन्याच्या पायरीवर आजी नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

"ऐका! डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून हात जोडून सांगितलंय, आणि हे घाटात घेणार. परवा जिन्यात शेजारणीला मी समजले आणि म्हणाले, अगं, चहा टाक."

"टाकला ना पण तिने," आजोबा म्हणाले.

पाहुणा म्हणजे लपवलेली खोड. आजोबांनी उभा जन्म बस चालवली होती आणि त्यांच्या डेपोत ही रीत होती. नव्या ड्रायव्हरच्या हाती बस द्यायच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी जुना ड्रायव्हर तिच्यात एक बारीकशी खोड करून ठेवायचा. कधी मागचा दिवा ढिला करायचा, कधी वायपरचं रबर काढून खिशात घालायचं, कधी आरसा आभाळाकडे वळवून ठेवायचा. सकाळी नवा गडी बसभोवती फिरून तो पाहुणा हुडकायचा. सापडला की टाळ्या आणि चावी. नाही सापडला तर तो दिवस बस धुण्यात जायचा, आणि बादली भरून द्यायला सगळा डेपो हौसेने धावायचा.

अट एकच, पण काळ्या दगडावरची रेघ. ब्रेकला हात लावायचा नाही. एकाने एकदा गंमत म्हणून लावला होता. तो बदली मागून निघून जाईपर्यंत डेपोत त्याच्याबरोबर कुणी चहा प्यायलं नाही. ही अट आजोबांनी सुनेला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. विस्तवाशी खेळू नये हे काय कुणाला समजावून सांगायचं!

उद्या घाट उतरून समुद्रकाठी जायचं होतं. आजींची थोरली बहीण तिथे राहायची. ती आता घराबाहेर पडत नव्हती आणि नातीचं तोंड तिने अजून पाहिलं नव्हतं. आजवर त्या घाटातून घरची गाडी आजोबांशिवाय कुणी नेली नव्हती. मुलाचा प्रश्नच नव्हता. त्याला गाडी चालवता येत नव्हती, आणि वळणांवर त्याला गाडी लागायची. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता, दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावायचा, आणि आपल्या बापाला दिसेनासं झालंय हे कळायला त्यालाच सगळ्यांत जास्त वेळ लागला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं आजी ज्याला-त्याला सांगत.

उरली सून. ती गाडी रोज कामावर न्यायची, गर्दीतून सफाईने काढायची, त्याबद्दल वाद नव्हता. पण घाट म्हणजे घाट. मागच्या सीटवर बायको आणि नात, आणि चाक दुसऱ्याच्या हातात! मुळात दुसऱ्याच्या गाडीत ते कधी पाठ टेकून बसले नव्हते. टॅक्सीतसुद्धा त्यांचा उजवा पाय खालच्या चटईवर ब्रेक दाबत राहायचा, आणि प्रवास कितीही लांबचा असो, चपला पायातच असायच्या. "चपला काढून बसायला हे काय घर आहे?" ते म्हणायचे. "वेळ काय सांगून येते?"

म्हणून त्यांनी पाहुण्याची रीत उकरून काढली होती. सापडला तर चावी तिची, हे त्यांनी चारचौघांत कबूल केलं होतं. पण मनाच्या तळाशी त्यांना वाटत होतं की तो तिला सापडू नये.

समोरच्या इमारतीतून कंडक्टर थर्मास घेऊन आले होते आणि उलट्या बादलीवर ऐसपैस बसले होते. या दोघांनी एकाच बसवर आयुष्य काढलं होतं. रोज भांडायचे आणि रोज एकाच डब्यात जेवायचे. निवृत्त होऊन जमाना झाला तरी त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे.

"डायवर, सोपा बसवलायस ना रे?" कंडक्टरांनी चहा ओतत विचारलं. "पहिलीच वेळ आहे पोरीची."

"मला कुणी सोपा बसवला होता का?"

"तुला? तुला तर तो संध्याकाळपर्यंत सापडला नव्हता! बस धुतलीस तू त्या दिवशी. मी बादल्या दिल्यात."

"सुनेसमोर जुनी मढी उकरू नकोस," आजोबा म्हणाले, आणि चावी दुसऱ्या बोटात घातली.

सून तिकडे लक्ष देत नव्हती. तिने तेलाची पट्टी ओढून काढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली आणि मग काढून उन्हाकडे धरली. पाण्याची टाकी पाहिली. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला. बॅटरीच्या तारा हलवून पाहिल्या. मग ब्रेक ऑइलच्या पांढुरक्या डबीपाशी ती वाकली, डबीवर नखाने टिचकी मारली, थोडा वेळ तशीच थांबली आणि पुढे सरकली.

गोंधळली, आजोबांनी मनात म्हटलं. त्यांना बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

ती नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होती. तिथे पाळी बदलताना आधीची नर्स सगळं सांगते, कोण किती दूध प्यायलं, कुणाला ताप आहे. ते सगळं ऐकून घ्यायचं आणि मग प्रत्येक पाळण्यापाशी जाऊन आपल्या हाताने बघायचं, हा तिचा शिरस्ता होता. घरीही तेच. गॅस बंद केलाय असं कुणी सांगितलं की ती हो म्हणायची आणि स्वयंपाकघरात एक फेरी मारून यायची. सुरुवातीला आजोबांना याचा राग यायचा. हिचा कुणावर विश्वासच नाही, असं ते आजींना म्हणायचे.

टायर झाले. एकेका टायरपाशी गुडघे टेकून तिने खाचांत बोट घालून पाहिलं, हवा मोजली. वायपर उचलून रबरावरून बोट फिरवलं. मग नवऱ्याला गाडीत बसवलं आणि स्वतः मागे जाऊन उभी राहिली.

"ब्रेक दाबा."

"दाबला."

"दिवा नाही लागला."

"आता?"

"नाही. अहो, कुठला दाबताय?"

"हाच, कडेचा."

"तो क्लच आहे! मधला दाबा, मधला!"

कंडक्टरांच्या नाकातोंडातून चहा आला. आजोबांनी मान खाली घातली. "माझ्या पोटी जन्मला बघ," ते म्हणाले. "लोक म्हणतात वाघाच्या पोटी वाघ येतो. आमच्या घरी चष्मेवाला आला." आणि दोघे म्हातारे खुर्ची आणि बादली हलेपर्यंत हसले.

"लागला," सून म्हणाली. "दोन्ही लागले. आता दाबून धरा. पायाला कसा लागतोय?"

"छान मऊ आहे. गादीवर पाय ठेवल्यासारखा. आत आत जातोय."

हसण्याच्या भरात आजोबांच्या कानांवर ते पडलं नाही. सुनेने मात्र मान वर केली आणि एकदा बॉनेटकडे पाहिलं.

मग तिने डिकी उघडली. पिशव्या बाहेर काढल्या, नातीची घडीची गाडी बाहेर काढली, तळाची चटई उचलली आणि स्टेपनीवर मूठ हाणली. आवाज आला तो उशीवर मारल्यासारखा.

"सापडला!" ती ओरडली. "स्टेपनीतली हवा सोडलीत ना बाबा? बसलीये पार!"

आजींनी नातीचे दोन्ही हात धरून टाळ्या वाजवल्या. मुलगा गाडीतून उतरता उतरता पट्ट्यात अडकला. कंडक्टर बादलीवरून उठले आणि म्हणाले, "वा रे पठ्ठी! डायवर, दे चावी. शब्द म्हणजे शब्द."

आजोबा उठले. ते शब्दाचे पक्के होते. नव्यातले निम्मे ड्रायव्हर स्टेपनी बघतच नाहीत, हिने पाहिली. त्यांनी चावी बोटातून काढली, तळहातावर ठेवली आणि हात पुढे केला.

सुनेने चावी घेतली नाही.

"थांबा जरा," ती म्हणाली. "अजून झालं नाही माझं."

"अगं, पाहुणा सापडला की!" कंडक्टर म्हणाले. "सापडला की संपलं. तशीच रीत आहे."

"हो काका. पण मघाशी एक गोष्ट मनात राहिलीये."

ती पुन्हा बॉनेटपाशी गेली. नवऱ्याला तिने गाडीचं पुढचं तोंड खालीवर दाबायला सांगितलं. त्याने दोन्ही हात टेकून दाबलं तशी गाडी कुरकुरत डुलायला लागली. सून डबीवर डोळा ठेवून वाकली होती.

"रेष हलत नाही," ती म्हणाली.

"कसली रेष?" मुलाने विचारलं.

"ब्रेक ऑइलची. गाडी एवढी हलतेय तर आतलं तेल हलायला नको? दुधाच्या बाटलीवर सुकलेल्या दुधाची रेघ राहते बघा. लांबून वाटतं बाटली अर्धी भरलीये. म्हणून आम्ही बाटली हलवल्याशिवाय बाळाच्या तोंडाला लावत नाही." तिने झाकण फिरवून काढलं आणि आत पाहिलं. "हा डाग आहे. तेल पार तळाला गेलंय."

तिने मोबाईलचा दिवा लावला, पोतं अंथरलं आणि एकेका चाकामागे आडवी होऊन पाहायला लागली. पुढची दोन झाली. मागच्या डाव्या चाकापाशी ती बराच वेळ थांबली. मग तिचा हात चाकामागून बाहेर आला. बोटं ओली होती आणि त्यांना काळं लागलेलं होतं. तिने ती हुंगली.

ती उठून उभी राहिली, फडक्याने एकेक बोट पुसलं आणि हसून म्हणाली, "काय हे बाबा! एकच म्हणालात आणि दोन बसवलेत. फसवलंत ना मला?"

कंडक्टरांनी कप खाली ठेवला. जिन्यावर आजींचा नातीच्या पाठीवरचा हात थांबला. त्या दोघांना ती अट ठाऊक होती.

"डायवर?" कंडक्टर म्हणाले. एवढंच.

आजोबांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जवळचा चेहरा त्यांना उजेडात अजून दिसायचा, बारीक खुणाच दिसत नसत. ती हसत होती, पण त्यांच्याकडे पाहत नव्हती. तिचं सगळं लक्ष बोटांच्या पेरांवर होतं. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. नात जन्मली तेव्हा ते सुनेच्याच वॉर्डाच्या दारात बसले होते, आणि शेजारच्या पाळण्यातल्या बाळाच्या आजीने औषधाचा चमचा चुकीचा भरला होता. तिथल्या एका नर्सने सगळ्यांदेखत चमचा हलकेच हातातून घेतला आणि म्हणाली होती, चला, आता माझी पाळी. म्हातारीला कुणी काही म्हटलं नाही. त्या सगळ्याच जणी अशा असाव्यात.

म्हणजे हिला कळलं होतं. ब्रेकला हात लावायचा नाही हे हिला माहीत नव्हतं, पण ही खोड आपण केलेली नाही, ती आपल्या नजरेतून सुटली आहे, हे हिला पुरतं कळलं होतं.

त्यांनी हो म्हटलं असतं तर झालं असतं. मुलगा हसला असता, टाळ्या पुन्हा वाजल्या असत्या. कंडक्टरांना खरं-खोटं कळलं असतं, पण ते तोंडातून ब्र काढणाऱ्यातले नव्हते. एवढ्या वर्षांत एकाही प्रवाशाला ओरखडा उठू न देणारा ड्रायव्हर, हे नाव तसंच्या तसं राहिलं असतं.

आजोबा बॉनेटपाशी गेले. डबीवर वाकले, आणखी वाकले, नाक प्लॅस्टिकला टेकलं तेव्हा कुठे त्यांना दिसलं. रेष नव्हती ती. तपकिरी, जुना डाग होता.

ते सरळ झाले.

"दुसरा मी बसवलेला नाही," ते म्हणाले.

"असू दे हो बाबा," सून चटकन म्हणाली. "संध्याकाळची वेळ होती, अंधारात कुणालाही..."

"अंधार नव्हता. लख्ख उजेड होता." त्यांचा आवाज थोडा चढला होता, पण तो रागाने नव्हे. "काल मी सगळी गाडी बघितली. डबी बघितली, रेष जागेवर आहे म्हटलं आणि बॉनेट लावलं. चाकामागे वाकलोच नाही. पाहुणा बसवायची घाई झाली होती मला. आणि उद्या हीच गाडी घेऊन मी घाट उतरणार होतो." त्यांनी जिन्याकडे पाहिलं. तिथून त्यांना आजी आणि नात मिळून एकच धूसर आकार दिसत होता. "या दोघींना मागे बसवून."

आजींनी नातीला घट्ट धरलं. "झालं ते झालं. सापडलं ना वेळेवर," त्या म्हणाल्या.

"सापडलं नाही गं. हिने शोधलं." आजोबा कंडक्टरांकडे वळले. "कंडक्टर, आपण डेपोत किती पोरांना पाहुणे शोधायला लावले?"

"मोजले कुणी!"

"पाहुणा सापडला की काय करायचे रे ते?"

"काय करणार? चावी हिसकावून पळायचे. तूही पळालास, दुसऱ्या दिवशी."

"मीही पळालो. आख्खा डेपो पळाला. पाहुणा सापडला की गाडी ठीक, असंच धरून चाललो आपण जन्मभर. चावी समोर धरलेली असताना, थांबा, अजून झालं नाही माझं, असं म्हणणारा एक तरी आठवतो तुला?"

कंडक्टरांनी खरोखरच आठवून पाहिलं. टोपी काढून डोकं खाजवलं. "नाही बुवा."

"आता आठवेल," आजोबा म्हणाले. "ही माझी सून आहे."

हे शेवटचं वाक्य त्यांनी असं म्हटलं की जणू कंडक्टर तिला आजच पहिल्यांदा भेटत होते. सून मटकन पोत्यावर बसली आणि हातातल्या फडक्याने तोंड पुसायला गेली, तशी कपाळावर काळी रेघ उठली. नवऱ्याने खिशातून चष्मा पुसायचं मऊ कापड काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"चावी घे आता," आजोबा म्हणाले.

"आता नको. आधी मेस्त्री बोलवा. ब्रेक बघून झाला की मग द्या."

"बघ!" आजोबा कंडक्टरांना म्हणाले. "बघितलंस? आताही घेत नाही!" त्यांची छाती इतकी फुगली होती की शर्टाचं मधलं बटण ताणलं गेलं होतं.

दुपारी मेस्त्री आला. चाक काढलं, आतला भाग गळत होता तो बदलला, रबरं नवी घातली. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला एक माणूस पेडलवर लागतो. आजोबा सवयीने दरवाजाकडे निघाले होते, ते मध्येच थांबले आणि सुनेला म्हणाले, "तू बस. पायाला कळू दे, नीट ब्रेक कसा असतो ते." मग ते चाकापाशी उकिडवे बसले. मेस्त्री खूण करायचा आणि आजोबा खणखणीत आवाजात ओरडायचे, "दाब! धर! सोड!" गल्लीतल्या खिडक्यांतून लोक डोकावून गेले.

"वेळेवर बघितलंत," मेस्त्री हात पुसत म्हणाला. "सपाटीला कळलं नसतं. पण उतारावर चार वळणं झाली असती ना, की मग..." तेवढ्यात त्याला आजींच्या कडेवरची नात दिसली आणि तो गप्प झाला.

"तुम्हीच बघितलंत ना?" त्याने जाता जाता विचारलं.

"मी कसला बघतोय," आजोबा म्हणाले, आणि त्याला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. स्वतःच्या चुकीसकट सांगितली. संध्याकाळपर्यंत ती वाण्याला, शेजारणीला आणि इस्त्रीवाल्यालाही सांगून झाली होती. प्रत्येक वेळी आपली चूक ते थोडी वाढवून सांगत, म्हणजे सून आणखी हुशार दिसे. शेवटी आजी म्हणाल्या, "पुरे! आणखी थोडं सांगितलंत तर लोक म्हणतील गाडीला चाकंच नव्हती."

सकाळी सगळे खाली उतरले तेव्हा सून आधीच गाडीभोवती फिरत होती. तेल, पाणी, टायर, दिवे. डबीपाशी तिने गाडी हलवली. रेष डुलली. चारही चाकांमागे वाकून झालं, स्टेपनीवर मूठ मारून झाली. काल सगळं केलं होतं ना, असं नवरा म्हणणार होता, पण आजोबांनी त्याचा दंड धरला.

"मध्ये बोलू नकोस," ते म्हणाले. "बघ नुसता. शिक काहीतरी."

मग आजोबा ड्रायव्हरच्या दरवाजापाशी गेले. पाय आपोआप तिकडेच वळले होते. कडीवर हात गेला आणि क्षणभर तिथेच राहिला. आजोबांनी दरवाजा उघडला, पूर्ण उघडला, आणि बाजूला होऊन धरून ठेवला.

"बस," ते सुनेला म्हणाले. चावी त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ आपल्या हाताने मिटली.

ते गाडीच्या पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. ती बाजू त्यांच्या सवयीची नव्हती. पट्टा कुठल्या खांद्यावरून ओढायचा यात जरा वेळ गेला. मागे आजी, नात आणि डोळे आत्तापासूनच मिटून बसलेला मुलगा. समोरच्या इमारतीतून कंडक्टर तरातरा येत होते, अंगात घरचा सदरा, पायात दोन वेगवेगळ्या चपला. त्यांनी गाडीच्या मागून एक फेरी मारली, सगळे दरवाजे नीट लागलेत का ते हाताने दाबून पाहिलं आणि मग टपावर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकलं. टक टक. जन्मभर त्यांनी अशीच डबल बेल दिली होती, आणि जन्मभर ती ऐकून आजोबांनी गाडी हलवली होती.

सुनेला ते कळलं असावं. तिने आरशात पाहिलं, मागे पाहिलं आणि गाडी हलवली.

शहर मागे पडलं. उतार लागला. रस्ता डोंगराच्या पोटातून वळत खाली जायला लागला, एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला आभाळ. सुनेने गिअर खाली घेतला, ब्रेक एकदा हलका दाबून पाहिला आणि वेग धरून ठेवला. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. समोरून ट्रक आला, तिने आधीच कड धरली होती.

आजोबा काहीच बोलत नव्हते. वळणावर हॉर्न दे नाही, गिअर बदल नाही, पुढचं वळण आंधळं आहे नाही. सुनेला ती शांतता जड वाटायला लागली. तिने नजर रस्त्यावरून हलवली नाही, पण आवाज खाली आणून विचारलं, "आई, बाबा घाबरलेत का हो? इतके गप्प का?"

आजी पुढे वाकल्या. दोन सीटांमधून मान घालून त्यांनी आधी खाली, नवऱ्याच्या उजव्या पायाकडे पाहिलं. मग वर, तोंडाकडे पाहिलं. आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.

"झोपलेत गं," त्या म्हणाल्या. "चपला काढून."